हॅन्सेल-ग्रेटेल सातपुड्यात आणतोय, पण म्हातारीला भट्टीत ढकलायचं का?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आमचा जळगावचा हौशी ग्रुप यंदा मुलांसाठी दोन अंकी संगीत नाटक उभं करतोय. गोष्ट हॅन्सेल आणि ग्रेटेलची. ग्रिम बंधूंची मूळ गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते, पण तिच्यावरचा एंगेलबर्ट हुम्परडिंक यांचा जर्मन ऑपेरा आपल्याकडे फारसा कुणी ऐकलेला नसतो. त्याचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १८९३ रोजी वायमारला झाला आणि वाद्यवृंदाचं संचालन रिचर्ड श्ट्राउस यांनी केलं होतं. या ऑपेराचा जन्मच मला फार आवडतो. हुम्परडिंकची बहीण आडेलहाइड वेटे हिने घरच्या मुलांच्या खेळासाठी काही गाणी लिहिली आणि भावाला चाली लावायला सांगितलं. ते वाढत वाढत पूर्ण ऑपेरा झालं. घरच्या अंगणातून निघालेलं नाटक आहे, म्हणून ते आपल्या अंगणात रुजेल असं मला मनापासून वाटतं.

आम्ही ऑपेराचं संगीत वापरणार नाही. सांगाडा तेवढा घेतोय. भावाबहिणीची नावं सुपडू आणि सखू. ऑपेरात आई रागाच्या भरात पोरांना रानात स्ट्रॉबेऱ्या आणायला पिटाळते, आमच्याकडे पोरं पहाटे मोहाची फुलं वेचायला निघतात. चांदण्यात चमकणाऱ्या पांढऱ्या खड्यांच्या जागी नदीतल्या गारगोट्या. पावाच्या चुऱ्याच्या जागी कळण्याच्या भाकरीचे तुकडे, ते साळुंक्या खाऊन टाकतात. चेटकीण बोट चाचपते तेव्हा हॅन्सेल हाड पुढे करतो, आमचा सुपडू पऱ्हाटीची काडी पुढे करेल. खाऊच्या घराला गुळाच्या भिंती, छपरावर मांडे, दाराला शेवेचं तोरण. इथपर्यंत सगळं भराभर सुचत गेलं.

अडलंय ते शेवटाशी. मूळ गोष्टीत ग्रेटेल म्हातारीला भट्टीत ढकलते. ऑपेरात तर भट्टी फुटते, चेटकिणीचा केक होऊन बाहेर येतो आणि सगळे नाचतात. जर्मनीत नाताळच्या दिवसांत हा ऑपेरा हौसेनं बघतात. पण आपण हे नाटक शहादा, तळोदा, धडगावकडेही नेणार आहोत. तिथल्या पाड्यांवर आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही गेलेले आहेत. ती बाई बहुतेक वेळा वयस्कर असते, एकटी असते. जंगलात एकटी राहणारी म्हातारी, ती पोरं खाते, तिला जाळलं आणि सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवतंय, हे दृश्य मी तिथे उभं करू शकत नाही.

मग ती काढायची की बदलायची? आणि बदलून कोण आणायचं? मोकळेपणानं लिहा.

विंगेतला

दादा, विषय गंभीर आहे, पण बालनाट्यातून चेटकीण काढली तर उरतं काय? रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण लोकांना अजून आठवते. २०१८ साली ते नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगलेंच्या चेटकिणीला बघायला पोरांनी नाट्यगृहं भरली. पोराला अंधारात आईचा हात घट्ट धरायचा असतो. ती भीती त्याच्या हक्काची आहे. ती काढून तुम्ही प्रबोधनाचा पथनाट्य-छाप प्रयोग करणार असाल तर मध्यंतरात निम्मी पोरं वेफर्स घ्यायला जातील आणि परत येणार नाहीत.

पांझरा

@विंगेतला, मुंबई-पुण्याच्या पोराला चेटकीण म्हणजे लांब नाक आणि काळा झगा. ती कुठे राहत नाही, म्हणून तिची मजा घेता येते. साक्री-नवापूरच्या पुढे ती कुणाची तरी आजी असते. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते असं भासवून तिला त्रास देणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. हे कायद्यात लिहायची वेळ आली, कारण ते घडत होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नंदुरबार भागात या प्रथेविरुद्ध गावोगाव बोलतात आणि आपण त्याच गावात ढोल वाजवून उलटं सांगायचं, हे पटत नाही.

चाळीसगावचे_गुरुजी

मी प्राथमिक शाळेवर आहे. माझं लक्ष चेटकिणीपेक्षा आईबापाकडे गेलं. पोरांना रानात सोडायची वेळ का आली, तर घरात खायला नाही. ग्रिमच्या गोष्टीच्या तोंडालाच महागाई आणि उपासमार आहे. आमच्याकडे दिवाळी झाली की वर्गातले बाक रिकामे दिसायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात. काही पोरं सोबत जातात. काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. तुमच्या नाटकात आईबाप दुष्ट नकोत, ऊसतोडीला गेलेले दाखवा. साखर तिकडून येते आणि खाऊचं घरही साखरेचंच. मग घराचा मालक मुकादम करा. पोरांना गोड खायला घालतो आणि कामाला जुंपतो.

पुण्यातला_खान्देशी

गुरुजींच्या मुद्द्याला जोड देतो. आईबाप बदलण्याची मुभा ग्रिमनीच घेतली होती. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत पोरांना सोडून द्या म्हणणारी सख्खी आई आहे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तिची सावत्र आई झाली, कारण सख्खी आई असं करते हे वाचकांना सोसेना. मग वेटेबाईंनी ऑपेरा लिहिताना पुन्हा सख्खी आई आणली, पण तिला गरिबीनं गांजलेली आणि नंतर पोरांच्या काळजीनं रानात धावणारी केली.

रॉसिनीनं १८१७ साली सिंड्रेलावर ऑपेरा केला, त्यात परी नाही, भोपळ्याची गाडी नाही, काचेची चप्पलही नाही. चपलेऐवजी हातातलं कडं, सावत्र आईऐवजी सावत्र बाप आणि परीच्या जागी राजपुत्राचा तत्त्वज्ञ गुरू. तरी गोष्ट सिंड्रेलाचीच राहिली, आजही जगभर होते. तेव्हा म्हातारी बदलली तर गोष्ट मोडेल ही भीती बाळगू नका.

लेवा_लेक

मुकादम मला नको वाटतो. एक तर तो बऱ्याचदा त्याच तांड्यातला असतो, कारखान्याकडून त्यानेही पैसे उचललेले असतात, त्याला राक्षस केलं की वरचे सुटतात. दुसरं म्हणजे आठ वर्षांच्या पोराला उचल कळत नाही. रंगमंचावर मिशीवाला माणूस हिशेब सांगायला लागला की गोष्ट विझते.

माझ्या मनात वेगळंच येतंय. घर हीच चेटकीण. आत कुणी राहतच नाही. भिंती गातात, दार बोलतं, छप्पर हसतं. आणि त्या भिंती म्हणजे आधी अडकलेली पोरं. ऑपेरात घराभोवती केकच्या पोरांचं कुंपण असतंच ना, ती शेवटी जिवंत होतात. तीच पोरं भिंत म्हणून उभी करा. जो आत येऊन खातो, तो भिंतीत उभा राहतो.

आणि खाऊच्या घराचं गाणं गुलाबाईसारखं घ्या. आमच्याकडे भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गुलाबाई म्हणायच्या, टिपऱ्या वाजवायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ. डबा झाकलेला असतो. घरची बाई तो कानाजवळ हलवून दाखवते, आवाज ऐकायचा आणि विचारायचं, गोड की तिखट? ओला की सुका? ओळखलं नाही तर डबा उघडत नाही. हाच खेळ घर सुपडू-सखूशी खेळेल. आणि प्रेक्षकांतली पोरंही ओरडून सांगतील, लाडू! चिवडा! शेंगदाणे! सगळं प्रेक्षागृह घराच्या बाजूनं खेळायला लागेल आणि मग कळेल की आपण कुणाच्या बाजूनं ओरडत होतो.

गिरणाकाठ

@लेवा_लेक ताई, हे वाचून मी लगेच आमच्या संगीत करणाऱ्या मुलीला फोन केला. डब्यात शेंगदाणे, शेव, खडीसाखर, प्रत्येकाचा आवाज वेगळा. तालवाद्य म्हणून डबेच वापरता येतील.

गुरुजी, ऊसतोड मात्र मी ठेवणार. आईबाप फडावर, पोरं आजीजवळ आणि पोरांचे डोळे होळीकडे, कारण आईबाप होळीला येणार.

अक्राणी

मी पावरा आदिवासी आहे, धडगाव तालुक्यातला. धागा सगळा वाचला. होळीचं बरोबर धरलंत. आमच्याकडे गुजरातला, उसाला, कुठेही गेलेला माणूस दिवाळीला येईल न येईल, होळीला येतोच. मोहाची फुलंही त्याच सुमाराला गळायला लागतात. पहाटे अंधारात टोपली घेऊन निघायचं, उजाडायच्या आत झाडाखाली पोचायचं, नाहीतर गुरं खाऊन जातात. झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ केलेला असतो म्हणून फुलं नुसती पिवळट पांढरी दिसतात. हे रंगमंचावर दाखवा, सुंदर दिसेल.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. होळीचा प्रवेश करताना शहरातल्या मुलांना मोरपिसांचे टोप आणि कमरेला भोपळे बांधून बुध्या म्हणून नाचवू नका. आमच्याकडे तो नवस असतो, पाळणी असते. ते दिवस माणूस कडक नियमानं राहतो. तो पोशाख भाड्यानं आणायची वस्तू नाही. ढोल हवा असेल तर आमच्या पोरांना बोलवा, ते त्यांच्या कपड्यांत येऊन वाजवतील.

दुसरी गोष्ट. तुम्ही सगळे म्हातारीला काढायला निघालात. घर चेटकीण झालं, छान. पण म्हातारी गोष्टीतून नाहीशी केली तर आमच्याकडच्या बायांबद्दल तुम्ही काही बोललातच नाही. ती असू द्या. गाव म्हणतं की रानात डाकीण राहते, पोरांनाही तेच सांगितलेलं असतं, प्रेक्षकांनाही. पोरं तिला बघून पळतात आणि पळत पळत त्या गोड घरात शिरतात. म्हातारीच्या भीतीनं घरात शिरतात, हे महत्त्वाचं आहे.

शहाद्याची_ताई

अक्राणीभाऊंच्या पुढे एक पाऊल टाकते. ही म्हातारी सुईण असू दे. पाड्यावरची सगळी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. एखादं मूल दगावलं आणि तिच्यावर आळ आला, तिला हाकललं. हे अशाच तऱ्हेनं घडतं, जिच्या हातात बाळंतपण, औषधपाला, तिच्यावरच बोट.

आता भिंतीतली पोरं सोडवायची कशी? ऑपेरात त्या पोरांचे डोळे मिटलेले असतात आणि ग्रेटेलनं हात लावला की ती जागी होतात. आपल्याकडे नावानं जागी होऊ देत. भिंतीत उभं राहिलेलं पोर स्वतःचं नाव विसरतं. गावही विसरलंय. सगळ्यांची नावं एकीलाच माहीत आहेत, सुईणीला. सखू भीती सोडून तिच्याकडे जाते, नावं शिकून येते आणि एकेक नाव हाक मारून घेते. भिंतीतलं एकेक पोर बाहेर पडतं. पोरं निघाली की घर उरतच नाही. कुणाला ढकलायला नको, भट्टी नको.

पांझरा

ताई, नाटक सापडलं बघा.

नावांचं गाणं वहीच्या, म्हणजे आपल्या खान्देशी वहीगायनाच्या, अंगानं करा. कानबाईच्या रात्री वही म्हणणारी मंडळी बसतात तेव्हा म्होरक्या ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात, मग ओळ वाढत जाते. सखू एक नाव टाकेल, सुटलेलं पोर ते उचलेल, मग दुसरं नाव, दोन पोरं उचलतील. शेवटी रंगमंचावरचा आवाज आपोआप मोठा होतो, माईकची गरज नाही. आणि घराचं गाणं अहिराणीत ठेवा. मी एक कडवं करून बघितलं:

खाय रे पोऱ्या, खाय वं पोरी,
गूयनी शे मन्ही भीत,
आज खाई ल्या पोटभर,
सकाय लिसू हिसाब नीट.

केळीबाग

कडवं झकास, पण भाषेचं जरा ठरवा. सावदा-फैजपूर-यावलकडे आम्ही लेवा बोलतो, बहिणाबाईंची भाषा. धुळे-अमळनेर-पारोळ्याची अहिराणी वेगळी, अक्राणीभाऊंची पावरी त्याहून वेगळी. सगळ्या नाटकावर एकच रंग फासू नका.

गिरणाकाठ

@केळीबाग, असं ठरवतोय: पोरं आणि आईबाप ज्या भागात प्रयोग त्या भागातल्या बोलीत बोलतील, वाक्यं सोपी आणि थोडी आहेत, बदलता येतील. घराचं गाणं अहिराणीतच. म्हातारीची नावांची ओळ पावरीत, ती अक्राणीभाऊंनी लिहावी ही विनंती. निवेदन प्रमाण मराठीत.

रानातल्या रात्रीचा प्रवेश अजून हातात येत नाहीये. ऑपेरात पोरं झोपण्यापूर्वी प्रार्थना म्हणतात आणि चौदा देवदूत उतरून त्यांच्याभोवती उभे राहतात. तिथे शब्द नाहीत, नुसतं वाद्यसंगीत. आमच्यातल्या एकानं साती आसरा सुचवल्या.

लेवा_लेक

आसरा नकोत. पाण्याकाठच्या आसरांची लोकांना धास्ती असते, पोरांना राखायला त्या कशा येतील? मला तिथे देवच नको वाटतो. रंगमंचाचे दोन भाग करा. एकीकडे झाडाखाली पोरं, दुसरीकडे उसाच्या फडावरच्या कोपीत आई. तिलाही झोप नाही. आई जात्यावरची ओवी गुणगुणते, जातं समोर नाही पण हात तसाच फिरतो. इकडे सखू सुपडूला थोपटताना तीच ओवी म्हणते, पुढची ओळ. दोघींना एकमेकींचं ऐकू येत नाही. ऐकणारे फक्त आपण.

चाळीसगावचे_गुरुजी

हा प्रवेश आमच्या शाळेतल्या पोरांसमोर झाला तर मी समोर बसू शकेन का, माहीत नाही. पण करा. नक्की करा.

पुण्यातला_खान्देशी

ऊसतोड आली, उचल आली, तर शेवटच्या होळीत हिशेबाची चोपडी जाळा. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. भट्टीतल्या आगीची जागाही भरून निघेल.

शहाद्याची_ताई

नको हो. घर नावांनी मोडलेलं असताना पुन्हा काही जाळलं की पोरांच्या मनात तेवढंच राहील. होळी पेटू दे, तिच्यात लाकडं जळतील. आईबाप आलेले, पोरं आलेली आणि म्हातारी गावाच्या कडेला थांबलेली. तिला होळीजवळ कोण नेतं, हा शेवट. माझं मत विचाराल तर ज्या बाईचं मूल दगावलं होतं तिनं हात धरावा.

अक्राणी

तिनं एकदम हात धरला तर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवणार नाही. ती सरकून जागा करून देईल. तेवढं खरं वाटेल. पावरीतली ओळ मी लिहून देतो. नावं मात्र आमच्याकडची घ्या, ती पण पाठवतो.

केळीबाग

व्यवहाराचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा, प्रमाणपत्राशिवाय तिकीट लावता येत नाही. बोलीभाषेतला भाग असेल तर सोबत प्रमाण मराठीतला अर्थ जोडा, वाचणाऱ्याला सोपं जातं. नेपथ्य छोटा हत्तीत मावलं पाहिजे, नाहीतर धडगावचा घाट चढेपर्यंत भाड्यातच पैसे संपतील. भिंती पोरांच्याच आहेत म्हटल्यावर तुमचं निम्मं काम झालंय. बांबूच्या तट्ट्या आणि एक दार पुरे. जळगावला संभाजीराजे नाट्यगृहात प्रकाशयोजना मिळेल, पण पाड्यांवर शाळेच्या पटांगणात दिवसाउजेडी प्रयोग करावा लागेल, तेव्हा रात्रीचा प्रवेश नुसत्या आवाजावर उभा राहतो का ते आधी तपासा. आणि ट्रॅकवर गाऊ नका. वीज गेली की नाटक थांबतं.

गिरणाकाठ

ट्रॅक नाहीच. डबे, टाळ, एक ढोल, टिपऱ्या आणि पोरांचे गळे. संगीत करणारी मुलगी पेटीसुद्धा नको म्हणतेय, मला रात्रीच्या प्रवेशाला पेटी हवीय. तालमीत बघू.

@विंगेतला, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात भीतीबद्दल लिहिलंत ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. घर चेटकीण झालं, पण ते पोरांना घाबरवेल का? तुम्ही इतकी वर्षं बालनाट्य करताय, सांगा.

विंगेतला

घाबरवेल, पण लाल दिवा आणि धूर सोडून नाही. भिंतीच्या पोरांना सुरुवातीला एकमेकांपासून लांब, हसऱ्या चेहऱ्यानं उभं करा. खाऊ ओळखायचा खेळ सुरू झाला की प्रत्येक बरोबर उत्तराला सगळ्यांनी मिळून एक पाऊल आत टाकायचं. चेहरा तसाच हसरा. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, सुपडू खाण्यात गुंग. तिसऱ्या-चौथ्या उत्तराला प्रेक्षकांतलं एखादं पोर ओरडेल, अरे भिंत पुढे आली! तिथून पुढे तेच पोर उत्तर द्यायचं थांबेल, शेजारच्यालाही गप्प करेल. घर मात्र डबा हलवत राहील, गोड की तिखट? प्रेक्षागृहातून उत्तर नाही. मग सुपडू स्वतःच उत्तर देतो आणि शेवटचं पाऊल पडतं.

हे जमवायला पोरांची पावलं एका मात्रेत पडायला हवीत, एकाचं जरी मागेपुढे झालं तर हसू येईल. पहिल्या तालमीपासून भिंतीची पोरं माझ्याकडे द्या. मी रविवारी येतो.